वर्षातून एकदाच पाण्यात जाणारी बोट : ओबीएमची सर्विस तासांवर करायची का कॅलेंडरवर?

पूरपट्टा
नमस्कार मंडळी. आम्ही शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातले, त्यामुळे पूर म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको. 2019 च्या पुरानंतर गावाला फायबरची बोट आणि 25 एचपीचं फोर स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे लावायचं इंजिन) मिळालं, कार्बोरेटरवालं, दोरी ओढून चालू करायचं. 2021 ला ते भरपूर राबलं. त्यानंतर नुसतं शाळेमागच्या शेडमध्ये स्टँडवर उभं. आजवरचे सगळे तास एकत्र केले तरी मॅन्युअलमधला 100 चा आकडा अजून लांब आहे. आता मासिक बैठकीत प्रश्न आलाय की इंजिन चाललंच नाही तर सर्विसचं बिल कशाचं? मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय, 100 तास किंवा 12 महिने, जे आधी होईल ते. एक सदस्य म्हणतात हे कंपनीवाल्यांचं धंदा काढायचं काम. मला खरं काय ते जाणकारांकडून ऐकायचंय, कारण कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटाला आलं की इशारा आणि 43 ला धोका, आणि ह्या दोन आकड्यांच्या मधे कधीतरी रात्री आमचा फोन वाजतो. तेव्हा दोरी ओढली की इंजिन चालू व्हायला पाहिजे, बास.

हिशोबनीस
मी तुमच्या सदस्यांच्या बाजूचा आहे म्हणा. ग्रामपंचायतीत नोकरी केलीय, ऑडिटवाला पहिला प्रश्न हाच विचारतो, वापर शून्य आणि खर्च कसा काय? आणि डोकं लावून बघा की, तेलाचा डबा दुकानात पाच पाच वर्षं पडून असतो तो खराब होत नाही, मग इंजिनात ओतलेलं न वापरलेलं तेल एका वर्षात कसं काय वाया जातं? डिपस्टिकवर बघा, पिवळंधम्मक असणार.

दर्यावर्दी_मिस्त्री
अरे बाबांनो, डब्यातला तेल सीलबंद असता, इंजिनातल्या तेलाक वारो लागता, पाणी लागता, पेट्रोल लागता. ह्यो फरक कळलो तर सगळा कळला. बरा, आता प्रमाण भाषेत लिवतंय, नायतर घाटावरच्यांका कळाचा नाय :)

तर बघा साहेब. ओबीएम दहा मिनिटं चालवून बंद केलं की आतमध्ये जळलेल्या गॅसबरोबर आलेली वाफ असते, ती थंड झालेल्या क्रँककेसमध्ये पाणी होऊन तेलात उतरते. थंड इंजिनाला चोक देऊन चालवलं की न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली तेलात जातं. मोठ्या फेऱ्या मारणाऱ्या बोटीत इंजिन लोडवर तापतं, तेल तापतं, हे दोन्ही उडून जातं. तुमच्यात ते तापतच नाही त्यामुळे पाणी तिथंच राहतं, त्याचं आम्ल बनतं आणि बेअरिंगच्या चकचकीत भागावर बसून महिनोन्महिने काम करत राहतं. रंग पिवळा असला म्हणून काय झालं, रंग बघून तेलातलं पेट्रोल थोडंच कळतं. डिपस्टिक नाकाला लावून बघा, आणि लेव्हल बघा. तेल न ओतता लेव्हल वर चढली असेल तर समजायचं पेट्रोल उतरलंय.

आणि बदलायचं कधी, तर इंजिन झोपवायच्या आधी. पुष्कळ लोक उलटं करतात, घाण तेलावर इंजिन आठ महिने ठेवतात आणि सीझनच्या तोंडावर नवीन टाकतात. आमच्याकडे मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, होडी वर ओढून झापांनी शाकारायच्या आधी तेल काढतो आम्ही. तुमचा सीझन आमच्या बरोबर उलटा, आम्ही वर काढतो तेव्हा तुम्ही पाण्यात, म्हणून तुमचं तेल ऑक्टोबरात बदलायचं.

पूरपट्टा
मिस्त्रीकाका लय भारी समजावलंत. पण आम्ही ते नुसतं पडू देत नाही हो. दर पंधरा दिवसांनी पोरं निळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये पाणी भरतात आणि पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करतात. दोरी ओढली की होतंय चालू. हे बरं आहे ना?

दर्यावर्दी_मिस्त्री
नाय. वर लिहिलं तेच तुम्ही दर पंधरा दिवसांनी करताय, थंड चालू थंड बंद. त्यापेक्षा नीट झोपवलेलं इंजिन बरं. चालवायचंच असेल तर महिन्यातून एकदा नदीत न्या आणि अर्धा तास लोडवर चालवा, बोटीत माणसं बसवून. बॅरलमध्ये लोड येत नाही, पाणी गरम होतं, फेस होतो, पंपात हवा जाते. बॅरल फक्त पाणी मारतंय का नाही ते बघायला आणि धुवायला. त्यातसुद्धा पाण्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर पाहिजे आणि गिअर न्यूट्रलला.

पूरपट्टा
राजापूर बंधाऱ्याचं पाणी अडवलेलं असतं तेव्हा उन्हाळ्यातसुद्धा आमच्याकडे नदीत बोट फिरेल एवढं पाणी असतं, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. पोरांची प्रॅक्टिसपण होईल, नाहीतर निम्म्यांना रिव्हर्स कसा टाकायचा ते आठवत नाही.

लेकसाइड_मिशिगन
मी इकडे तळ्याकाठी राहतो, आमच्याकडे बोट वर्षातले जेमतेम पाच महिने पाण्यात. इकडे कुणी तास मोजत बसत नाही, सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरला उरकायचं, कारण पुढे पाणी गोठतं. गिअर ऑइलचं उदाहरण देतो. खालच्या पायाच्या (पंखा आणि गिअर असतात त्या भागाच्या) सीलमधून थोडंसं पाणी आत गेलेलं असेल आणि तसंच ठेवलं तर गोठून फुगतं आणि अॅल्युमिनियमचं हाउसिंग फोडतं. म्हणून थंडी पडायच्या आधी खालचा स्क्रू सोडून तेल बघणं हा इकडचा नेम. तुमच्याकडे गोठणार नाही पण पाणी बेअरिंगवर बसून गंज आणणारच, आणि वरून काही दिसणार नाही. तेल दुधासारखं पांढरट निघालं की सील गेलं.

आणखी एक, इंजिन उभंच ठेवा. उभं असलं की आतलं कूलिंगचं पाणी आपोआप खाली निथळतं, वेगळं काही करावं लागत नाही. आडवं ठेवायची वेळ आलीच तर फोर स्ट्रोकला मॅन्युअलमध्ये कुठली बाजू खाली ते दिलेलं असतं, तीच. दुसऱ्या बाजूला ठेवलं तर तेल सिलिंडरात जातं.

चिकट_ग्रीस
गिअर ऑइल बदलताना दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे भरायचं खालच्या भोकातून, पंपाने, वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि वाटतं भरलं. आणि दोन, त्या दोन्ही स्क्रूचे वॉशर दर वेळी नवीन. दोन चार रुपड्यांची चकती वाचवायला जाऊन गिअरबॉक्समध्ये पाणी घेतलेली इंजिनं खूप बघितलीत. बऱ्याच मॉडेलमध्ये खालच्या स्क्रूला लोहचुंबक असतं, त्याला चिकटलेला बारीक काळा लगदा चालतो, पण कण टोचले तर उघडायला लागणार.

त्याच वेळी पंखापण काढा. शाफ्टवर नायलॉनची तंगूस गुंडाळलेली सापडली तर आश्चर्य नाही, ती सीलच्या आत घुसते आणि सील कापते. पुराच्या पाण्यात तर तारा, गोण्या, केंदाळ, काय काय वाहत येतं. शाफ्टला वॉटरप्रूफ ग्रीस, नवीन स्प्लिट पिन, झालं काम.

हिशोबनीस
ठीक, तेल समजलं. पण मग तक्त्यातलं सगळंच वर्षाला करायचं म्हणता का? एका दुकानात माझ्या ओळखीच्यांच्या इंजिनाचे चालू प्लग, फिल्टर, अर्धं इंजिन बदलून लांबलचक बिल हातात दिलं होतं, इंजिन तेव्हा जेमतेम रन-इन झालेलं. त्याला काय म्हणायचं?

दर्यावर्दी_मिस्त्री
तुमचं हे म्हणणं मात्र बरोबर आहे. तक्त्यात झिजणाऱ्या वस्तू आणि सडणाऱ्या वस्तू एकाच कागदावर लिहिलेल्या असतात, घोळ तिथं होतो. प्लग झिजतो तो ठिणगीने. वर्षात थोडंच चाललंय तर काढा, बघा, काळा असेल तर ब्रश मारा, गॅप तपासा, परत बसवा, नवीन कशाला? व्हॉल्व्ह क्लिअरन्सचंपण तसंच, ते तासांचं काम. पण रबर, तेल, पेट्रोल, ग्रीस, बॅटरी ह्यांना तुमचं इंजिन चाललं का नाही ह्याच्याशी देणंघेणं नाही. टायमिंग बेल्टपण त्यातच आला. यामाहाच्या बऱ्याच फोर स्ट्रोकला 1000 तास किंवा 5 वर्षं लिहिलेलं आहे, आता तुमच्यासारख्यांचे 1000 तास ह्या जन्मात होणार नाहीत पण 5 वर्षं तर होऊनसुद्धा गेली. काही मॉडेलला बेल्टच्या जागी चेन असते, त्यांना हा प्रश्न नाही. तुमच्या मॉडेलला काय आहे ते बघा आधी.

चिकट_ग्रीस
आणि काही मॉडेलना तेल बदलायची आठवण करून देणारा दिवा किंवा बझर असतो, त्याच्या भरवशावर बसू नका. तो तास मोजतो.

पूरपट्टा
इम्पेलरचं सांगा ना कुणीतरी. सर्विसवाला म्हणाला दर वर्षी बदला. पार्ट तर नवाकोरा वाटतो, चाललाय किती.

दर्यावर्दी_मिस्त्री
इम्पेलर हा कमी वापराने मरणारा पार्ट. इंजिन थंड ठेवायचं पाणी उचलणाऱ्या पंपातलं रबराचं चाक, त्याला पाच-सहा पाकळ्या, आणि ते चाक घराच्या मधोमध नसतं, एका बाजूला सरकवून बसवलेलं असतं. म्हणजे एका बाजूच्या पाकळ्या कायम दुमडलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या. रोज चालणाऱ्या इंजिनात पाकळ्या फिरत राहतात म्हणून लवचिक राहतात. तुमच्यात त्याच दोन-तीन पाकळ्या वर्षभर वाकून बसतात आणि वाकलेल्याच आकारात कडक होतात. मग चालू केलं की त्या भिंतीला नीट टेकत नाहीत, पाणी कमी उचलतं, किंवा पाकळी मुळातून तुटते.

तुटली तर नवीन टाकून गप्प बसू नका. तुकडे मोजा. जुन्या चाकाच्या पाकळ्या जुळवून बघा, जो तुकडा मिळत नाही तो वर पाण्याच्या वाटेत गेलाय, बहुतेक थर्मोस्टॅटपाशी अडकलाय. तो काढला नाही तर नव्या इम्पेलरवरसुद्धा इंजिन तापणार.

बदलायचं काम अवघड नाही. पायाचे चार-पाच बोल्ट, गिअरच्या रॉडचा जोड सोडायचा, पाय खाली सरकतो, शाफ्टवर पंपाचं घर दिसतं. घर उघडताना शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी जपायची, ती गवतात पडली की दिवस गेला. नवीन चाकाला साबणाचं पाणी किंवा सांगितलेलं ग्रीस लावायचं, शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली बसवायचं म्हणजे पाकळ्या बरोबर दिशेला वळतात. आतल्या स्टीलच्या कपाला आणि खालच्या प्लेटला ओरखडे असतील तर तेपण बदला, पुराच्या पाण्यातली रेती आणि गाळ तिथंच घासतो. दर वर्षी उघडून बघा, बोटांनी पाकळी वाकवून सोडा, सरळ झाली आणि भेग नाही तर ठेवा. पण बचावाच्या बोटीला मी स्वतः दोन वर्षांच्या वर ठेवणार नाही. आणि सुकं चालवू नका एक क्षणसुद्धा, "जरा आवाज बघू" म्हणून पोरं दोरी ओढतात ना, त्यात जातो तो.

पवना_बॅकवॉटर
आमची बोट धरणात असते, गोडं पाणी. आम्हाला अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) वगैरे काही लागत नाही ना?

लेकसाइड_मिशिगन
लागतो. झिंकचा अॅनोड खाऱ्या पाण्याचा, गोड्यात त्याच्यावर थर चढतो आणि काम थांबतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचा. निम्मा खाल्ला गेला की बदला आणि त्याच्यावर रंग कधीच मारू नका, शेड रंगवताना कुणीतरी हौसेने मारतो.

मांडवी_काठ
अजून पेट्रोलवर कुणी आलंच नाही! माझ्या मते कमी वापरल्या जाणाऱ्या इंजिनात बाकी सगळ्या भानगडी एकीकडे आणि पेट्रोल एकीकडे. ओबीएमच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत चालेल असं असतं आणि आता पंपावर सगळीकडे 20 टक्केवालं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी अर्धी भरून पावसाळी हवेत ठेवली की ओल जमत जाते, एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि टाकीच्या तळाला बसतं. आणि नळीचं तोंड कुठं असतं? तळालाच. म्हणजे दोरी ओढल्यावर पहिला घोट पाण्याचा. एकदा सुटल्यावर त्यात कुठलंही औषध टाका, परत एक होत नाही. स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) टाकायचं ते ताज्या पेट्रोलमध्ये.

आणि कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा गोंद ठेवतं, तो जेटच्या भोकात बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यात सुई घालून साफ करायचं नाही, भोक मोठं होतं.

पूरपट्टा
पण आमची अडचण समजून घ्या, जून ते सप्टेंबर आम्ही टाकी रिकामी ठेवू शकत नाही. फोन आल्यावर पेट्रोल पंप शोधत फिरणार का? पुरात पंपच पाण्यात असतो.

मांडवी_काठ
म्हणून तर सुटी टाकी सोयीची. जूनला ताजं पेट्रोल, टाकी वरपर्यंत, फक्त फुगायला थोडी जागा. तीन-चार आठवडे वापर झाला नाही तर ते गावातल्या कुणाच्यातरी मोटारसायकलीत ओता आणि टाकी परत ताज्याने भरा. तुमचं फोर स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये तेल नाही, गाडीला बिनधास्त चालतं. वायाही जात नाही आणि हिशोबनीस साहेबांना रजिस्टरला दाखवता येतं.

प्रत्येक वेळी चालवून झालं की नळी काढून इंजिन न्यूट्रलला तसंच चालू ठेवायचं, वाटीतलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत, तोवर पाय पाण्यातच पाहिजे. ऑक्टोबरला झोपवताना वाटीच्या खालचा स्क्रू सोडून राहिलेलंपण काढायचं. हे कार्बोरेटरवाल्यांसाठी लिहितोय, इंजेक्शनवाल्यांनी इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवू नये, त्यांचं मॅन्युअल बघावं.

चिकट_ग्रीस
नळी आणि टाकीच्या मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, खाली पारदर्शक वाटी असलेला. टॉर्च मारला की पाणी दिसतं.

कुरुंदवाड_बोट
आमच्याकडे टू स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं. आम्ही मिक्स करून कॅन भरून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी धांदल नको. पोरं बाइकचं टूटी ऑइल वापरतात, चालतंय ना?

दर्यावर्दी_मिस्त्री
दोन्ही नको. मिसळून ठेवलेलं पेट्रोल शिळं झालं की मोटारसायकलीत ओतायची सोयसुद्धा राहत नाही. पेट्रोल वेगळं, तेल वेगळं, तेलाची मापाची बाटली टाकीलाच बांधून ठेवा. 50 ला 1 असेल तर 25 लिटरला अर्धा लिटर, बाटलीवर मार्करने रेघ मारा, अंधारात हिशोब करत बसायचं नाही. तेल टीसी-डब्ल्यू-3 (पाण्यावर थंड होणाऱ्या टू स्ट्रोकसाठीचं) लिहिलेलंच घ्या. बाइकचं तेल हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी, त्यात राख करणारे घटक असतात, ओबीएम त्यामानाने थंड चालतं, मग प्लग आणि रिंगांवर थर बसतो. टू स्ट्रोकला झोपवताना प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेच तेल टाका आणि दोरी हळू चार-पाच वेळा ओढा, कारण तुमच्यात आत वंगण फक्त पेट्रोलबरोबर येतं, बंद पडून राहिलं की बेअरिंगला काहीच मिळत नाही.

कुरुंदवाड_बोट
धन्यवाद काका. पोरांचे कान धरतो.

पवना_बॅकवॉटर
एक अनुभव देतो, मॅन्युअलमध्ये नसलेला. इंजिन चालू केलं, मागच्या भोकातून पाण्याची धार येईना. इम्पेलर गेला म्हणून पाय उघडायला घेतला होता, तेवढ्यात आमच्या नावाडीमामांनी तंगूसचा जाड तुकडा त्या भोकात घालून फिरवला तर वाळकी माती पडली. कुंभारमाशीने घर केलं होतं! त्यानंतर ते भोक आम्ही ठेवताना चिकटपट्टीने बंद करतो, आणि पट्टीला लाल फडकं लावतो म्हणजे काढायची आठवण राहते.

पूरपट्टा
हा हा, शेडमध्ये उंदीरपण आहेत. पेट्रोलची नळी कुरतडलेली मागच्या उन्हाळ्यात सापडली.

चिकट_ग्रीस
नळी आणि तिच्यातला पेट्रोल चढवायचा फुगा घरात टांगा, इंजिनाला लावून ठेवायचंच नाही. फुगा दाबल्यावर घट्ट होत नसेल किंवा कडक होऊन भेगाळला असेल तर नवीन घ्या. आणि ती मनगटाला बांधायची लाल दोरी, ओढली गेली की इंजिन बंद करणारी! तिची क्लिप जागेवर नसेल तर चालू करायची दोरी हजार वेळा ओढा, इंजिन लागणार नाही. रिकामं पडलेल्या इंजिनांची पहिली हरवणारी वस्तू तीच. एक इंजिनावर, एक टाकीला आणि एक पोलीस पाटलांकडे द्या.

हिशोबनीस
बरं, माझं ऐका आता. ठरावात "वार्षिक दुरुस्ती" असं लिहू नका, ऑडिटला ते बिघाड झाला असं वाटतं. "आपत्ती साहित्य पावसाळापूर्व व पावसाळोत्तर देखभाल" असं लिहा, मॅन्युअलच्या तक्त्याची झेरॉक्स जोडा आणि 12 महिन्यांची ओळ अधोरेखित करा. आणि एक वही घाला. तारीख, किती वेळ चालवलं, लोडवर का बॅरलमध्ये, तेल कधी, इम्पेलर कधी, पेट्रोल कुणाच्या गाडीत गेलं, सही. तुमच्या दोरीवाल्या इंजिनाला तास मोजायचं मीटर नसणार, ती वही हेच मीटर. जुने प्लग फेकू नका, पिशवीत घालून ठेवा, बदलले कशाला असं कुणी विचारलं तर दाखवता येतात.

पूरपट्टा
साहेब, हे सगळ्यात कामाचं. मग आता ऑक्टोबरला तेल, गिअर ऑइल, पेट्रोल काढणं, ग्रीस. मे महिन्यात इम्पेलर बघणं, ताजं पेट्रोल, नदीत अर्धा तास. बेल्ट का चेन ते शोधतो. बोटीत सोबत काय काय ठेवायचं तेवढं सांगा.

दर्यावर्दी_मिस्त्री
प्लग दोन आणि प्लगचा पाना. इम्पेलरचा किट, पण तो शेडमध्ये, पाण्यात कोण बदलणार आहे. पंख्याचा नट, स्प्लिट पिन, पक्कड. तंगूसचा तुकडा भोक साफ करायला. चालू करायच्या दोरीला पर्याय म्हणून गाठ मारलेली जाड दोरी, पुष्कळ मॉडेलला झाकण काढून फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळून ओढता येतं, ते एकदा मे महिन्यात करून बघा, कपडे आणि केस लांब ठेवून. केंदाळ काढायला कोयता, आणि केंदाळ काढताना इंजिन बंद, लाल दोरी ओढून, न्यूट्रलवर विश्वास ठेवायचा नाही. पार्ट मागवताना ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो पाठवा, मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. नुसतं 25 एचपी सांगितलं की दुकानदार दुसऱ्याच वर्षाचा इम्पेलर पाठवतो आणि तो घरात जाता जात नाय.